पोत्यांचा हिशेब ठेवणारे हूव्हर

हर्बर्ट हूव्हर हे नाव मी इतिहासाच्या तासाला प्रथम ऐकले ते एक अपयशी राष्ट्राध्यक्ष म्हणून. १९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेतील बेघरांनी पत्रे-खोकी जोडून झोपड्या उभारल्या. त्या वस्त्यांना लोक उपहासाने हूव्हरव्हिल म्हणत. याच गृहस्थांनी त्यापूर्वी परक्या देशांतील लाखो तोंडांत घास घातला होता, हे मला पुढे ग्रंथालयात समजले. म्हणून हा लेखनप्रपंच.

जन्म १८७४ चा, आयोवा राज्यातील वेस्ट ब्रँच या खेड्यात, एका क्वेकरपंथी लोहाराच्या घरी. दहा वर्षांचा होण्याआधीच मुलगा पोरका झाला. नातेवाइकांकडे वाढला, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या पहिल्या तुकडीतून भूगर्भशास्त्र शिकला, ऑस्ट्रेलिया आणि चीन पालथे घालून चाळिशीत लंडनमध्ये श्रीमंत खाण-अभियंता झाला.

ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन फौजा बेल्जियममध्ये शिरल्या. सुमारे पाऊण कोटी वस्तीचा हा देश धान्यासाठी परदेशांवर अवलंबून. ब्रिटिशांनी समुद्राची नाकेबंदी केली. ज्याने मुलूख जिंकला त्यानेच तो पोसावा, असे त्यांचे म्हणणे; जर्मन नाकेबंदीकडे बोट दाखवीत. या भांडणात चूल मात्र बेल्जियमची विझत होती. ऑक्टोबरात हूव्हर यांनी बेल्जियम मदत आयोग उभा केला, आणि स्वतः वेतन घेतले नाही. जहाजे हॉलंडमधील रॉटरडॅमला लागत. तेथून कालव्यांतील पडावांनी धान्य आत जाई आणि बेल्जियन समित्या ते वाटत. पुढे व्याप्त उत्तर फ्रान्सही जोडला गेला आणि खाणारे नव्वद लाखांवर गेले.

चर्चिल यांच्यासारख्यांचा याला विरोध होता. शत्रूच्या ताब्यातील प्रजेला जेवू घालणे म्हणजे शत्रूचेच ओझे हलके करणे, हा आक्षेप मला तरी पोकळ वाटत नाही. हूव्हर यांचे उत्तर वक्तृत्वाचे नव्हते, हिशेबाचे होते. पीठ कोठे गेले एवढेच नव्हे, तर रिकामे पोते कोठे गेले, याचीही नोंद राही. कारण पोत्याच्या सुती कापडाचा जर्मनांना दारूगोळ्यासाठी उपयोग होता. ती पोती बेल्जियन स्त्रियांकडे जात. त्यांनी त्यांचे कपडे शिवले, काहींवर भरतकाम करून ती आभारादाखल अमेरिकेला पाठविली.

देखरेखीला माणसे हवी होती. त्यांतील पहिल्यांत ऑक्सफर्डमध्ये शिकणारे अमेरिकन विद्यार्थी होते, आपल्याच वयाचे! अट एकच, पण भारी: पूर्ण तटस्थता. १९१६ मध्ये बेल्जियन कामगारांना सक्तीने जर्मनीत नेण्यात आले, तेव्हाही या मुलांना तेथे एका बाजूने बोलण्याची मुभा नव्हती. बोलले असते तर धान्याची वाट बंद होण्याचा धोका. आपल्याला हे मौन साधले असते काय? मला खात्री वाटत नाही.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिकाच युद्धात उतरली. अमेरिकन प्रतिनिधींना परतावे लागले, आणि देखरेख स्पॅनिश व डच लोकांकडे गेली. १९२१ च्या दुष्काळात हूव्हर यांच्या संस्थेने रशियालाही अन्न दिले, ते स्वतः साम्यवादाचे कट्टर विरोधक असताना! १९२९ ते १९३३ ते राष्ट्राध्यक्ष होते. ती कहाणी पाठ्यपुस्तकात आहेच. १९४६ मध्ये, बहात्तरीकडे झुकलेले असताना, जगातील अन्नटंचाईच्या पाहणीसाठी ते भारतातही येऊन गेले. १९६४ मध्ये, नव्वदाव्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. ती भरतकाम केलेली पोती वेस्ट ब्रँचच्या संग्रहालयात जपून ठेवलेली आहेत.