बर्लिनहून गेलेली एक तार

संघ हरला की हॉकीप्रेमींचे दोन प्रश्न ठरलेले असतात. अमक्याला वगळले का, आणि तमक्याला कुणाच्या सांगण्यावरून घेतले? १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकसाठी गुरुबक्षसिंग आणि पृथिपालसिंग असे दोन कर्णधार एकाच संघावर नेमले गेले. स्वतंत्र झाल्यापासून प्रत्येक ऑलिम्पिकची अंतिम फेरी गाठणारा भारत त्या वेळी प्रथमच तिथवर पोहोचला नाही. या अजब नेमणुकीवर पुढे कितीतरी वर्षे वाद घातला गेला. मात्र ज्या काळाला आपण भारतीय हॉकीचा सुवर्णकाळ म्हणतो, त्या काळीही निवडीचे घोळ काही कमी नव्हते. त्यांचे सर्वांत जवळचे साक्षीदार होते खुद्द ध्यानचंद.

२९ ऑगस्ट १९०५ रोजी अलाहाबाद येथे जन्मलेले ध्यानसिंग वडिलांच्या लष्करी नोकरीमुळे झाशीला स्थिरावले आणि १९२२ मध्ये स्वतःही फौजेत शिपाई म्हणून दाखल झाले. सुभेदार मेजर बाळे तिवारी यांनी त्यांना हॉकीचे प्राथमिक धडे दिले. रात्री चांदण्यात सराव करणाऱ्या या पोराला सोबत्यांनी ‘चंद’ म्हणायला सुरुवात केली, अशी हकीकत सांगितली जाते. १९२६ मध्ये लष्कराच्या संघाबरोबर ते न्यूझीलंडला गेले. त्या दौऱ्यातल्या २१ सामन्यांपैकी १८ सामने भारतीयांनी जिंकले. परतल्यावर शिपायाचा लान्स नाईक झाला. मैदानावरच्या पराक्रमाचे मोल त्या काळी इतकेच होते.

पुढची दहा वर्षे ध्यानचंद कुठे खेळणार, हे त्यांची स्टिक जितके ठरवत असे तितकेच त्यांची रजाही. १९२८ च्या ऑलिम्पिकसाठी संघ निवडण्याकरिता कोलकात्यात आंतरप्रांतीय स्पर्धा झाली, तेव्हा लष्कराने परवानगी दिली म्हणूनच त्यांना संयुक्त प्रांतातर्फे उतरता आले. १९३२ च्या निवडीच्या वेळी पलटणीने रजा नाकारली. तेव्हा हॉकी महासंघाने एक शहाणपण केले आणि चाचणीचा सोपस्कार बाजूला ठेवून त्यांचे नाव थेट संघात घातले. कर्णधारपद मात्र त्या वर्षी लाल शाह बुखारी यांच्याकडे गेले. साध्या हुद्द्यावरच्या या शिपायाने त्याबद्दल कुरकुर केल्याचे कुठे आढळत नाही. लॉस एंजेलिसमध्ये त्यांनी आणि धाकटे बंधू रूपसिंग यांनी मिळून गोलांची जी लयलूट केली, तिच्यात अमेरिकेवरचा २४-१ हा विजय जमा आहे.

संघाबद्दलची नाराजी आणि जल्लोष यांत किती थोडे अंतर असते, हे मुंबईने १९२८ मध्ये दाखवून दिले. अ‍ॅमस्टरडॅमच्या खर्चासाठी महासंघाने हात पसरले तेव्हा मुंबई, मद्रास आणि ब्रह्मदेश या प्रांतांनी नकार दिला. बोटीत बसण्यापूर्वी मुंबईच्या संघाशी सामना झाला, तो भारताने ३-२ असा गमावला. दोन्ही गोल ध्यानचंद यांचेच होते. मार्चमध्ये ‘कैसर-ए-हिंद’ बोट सुटली तेव्हा धक्क्यावर निरोपाला अवघी तीन माणसे होती. तोच संघ एकही गोल न स्वीकारता सुवर्णपदक घेऊन परतला, आणि स्वागताला याच शहराने बंदरावर अलोट गर्दी केली.

१९३६ मध्ये ध्यानचंद कर्णधार झाले, आणि या चरित्राचा खरा पेच तिथे सुरू होतो. १६ जूनला दिल्लीच्या स्थानिक संघाने ऑलिम्पिकला निघालेल्या संघाचा ४-१ असा पराभव केला. हॉकीप्रेमींच्या पोटात गोळा यावा असाच हा निकाल होता. तरीही संघ तसाच २७ जूनला मुंबईहून ‘रणपुरा’ बोटीने निघाला. मार्सेल्स, पॅरिस असा प्रवास करत जुलैच्या मध्याला तो बर्लिनला पोहोचला, आणि १७ जुलैच्या सराव सामन्यात जर्मनीनेही त्याला ४-१ असेच हरवले.

हा पराभव ध्यानचंद यांच्या जिव्हारी लागला. त्या रात्री आपल्याला झोप लागली नाही, अशी नोंद त्यांनी ‘गोल’ या आत्मचरित्रात करून ठेवली आहे. बर्लिनचे चर्चित प्रसंग अनेक आहेत. हिटलरने त्यांना जर्मन लष्करात मोठ्या हुद्द्याचे आमिष दाखवल्याची कथा तर शालेय पुस्तकापासून भाषणांपर्यंत सर्वत्र फिरते, पण तिला भक्कम आधार सापडत नाही. त्या रात्रीनंतर घडलेली गोष्ट तितकी रंगतदार नाही. कर्णधार म्हणून त्यांची पारख तीच दाखवते.

दोष त्यांना स्पष्ट दिसत होता. आघाडीच्या फळीत डाव्या बाजूला रूपसिंग होते. उजव्या बाजूचा ‘इनसाइड राइट’ मात्र सेंटर फॉरवर्डशी जुळत नव्हता. हॉकीत ही जागा नाजूक असते. मधल्या खेळाडूने चेंडू सोडला की तो कुठे जाणार हे बघून धावणारा कामाचा नसतो. सुटण्याआधी ओळखणारा लागतो. ध्यानचंद यांचा सारा खेळ तर अशा देवाणघेवाणीवरच उभा होता. त्यांना मनासारखा वाटणारा माणूस अली इक्तिदार शाह दारा हिंदुस्थानातच राहिला होता. व्यवस्थापक जगन्नाथ आणि सहव्यवस्थापक पंकज गुप्ता यांच्याशी विचारविनिमय झाला आणि महासंघाचे अध्यक्ष कुंवर जगदीश प्रसाद यांच्याकडे तार गेली. दारा यांना तातडीने, विमानाने पाठवा, असा तिचा आशय होता.

आज ही गोष्ट किरकोळ वाटेल. १९३६ मध्ये पैशांची चणचण असलेल्या महासंघाने एका खेळाडूला हिंदुस्थानातून युरोपात विमानाने धाडणे हा धाडसी खर्च होता. शिवाय तार म्हणजे निवड चुकल्याची कबुली होती. ती अहंकार बाजूला ठेवून वेळेत दिली गेली, हे श्रेय कर्णधाराइतकेच व्यवस्थापकांना आणि महासंघालाही द्यायला हवे. निवड समितीने एकदा यादीवर सही केली की ती दगडावरची रेघ मानायची, ही पुढच्या काळातली रीत त्या वेळी आड आली नाही.

हंगेरीवर ४-०, अमेरिकेवर ७-० आणि जपानवर ९-० असे विजय संघाने दारा यांच्याविनाच मिळवले. ते पोहोचले १२ ऑगस्टच्या उपांत्य सामन्यासाठी. फ्रान्सवर १० गोल झाले. अंतिम सामना पावसाने एक दिवस पुढे गेला आणि १५ ऑगस्टला ओल्या मैदानावर जर्मनीशी गाठ पडली. पंकज गुप्ता यांनी कपडे बदलण्याच्या खोलीत तिरंगा काढला, सर्वांनी त्याला वंदन केले आणि संघ मैदानात उतरला. मध्यंतरापर्यंत गोल फक्त एक. नंतर ध्यानचंद यांनी बूट काढून टाकले आणि उजवीकडून दारा, डावीकडून रूपसिंग अशी फळी सुरू झाली. चार आठवड्यांपूर्वी ४-१ ने जिंकलेला यजमान संघ ८-१ ने हरला. गोल करणाऱ्यांत दाराही होते. नियतीचा खेळ असा की हेच दारा १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये पाकिस्तानचे कर्णधार म्हणून उतरले.

महायुद्धाने दोन ऑलिम्पिक गिळली आणि ध्यानचंद यांची उमेदीची वर्षेही. १९५६ मध्ये ते लष्करातून निवृत्त झाले, त्याच वर्षी त्यांना पद्मभूषण मिळाले. पुढे पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत मुख्य हॉकी प्रशिक्षक म्हणून त्यांनी काही वर्षे काम केले. पण देशाचा संघ निवडणारी माणसे वेगळी, आणि संघ घडवण्याची विद्या जाणणारा वेगळा, अशी फाळणी तोवर पक्की झाली होती. अहमदाबादला एका स्पर्धेच्या ठिकाणी त्यांना ओळख न पटल्याने परत पाठवले गेले, असेही सांगतात.

१९७५ मध्ये क्वालालंपूरला चिरंजीव अशोककुमार यांच्या गोलाने भारताने पाकिस्तानला हरवून विश्वचषक जिंकला, तो आनंद त्यांना पाहता आला. पुढच्या वर्षी माँट्रिअलला, कृत्रिम हिरवळीवरच्या पहिल्या ऑलिम्पिकमध्ये, भारत सातवा आला. गवतावर वाढलेल्या संघाला या नव्या मैदानाची पुरेशी तयारीच नव्हती. त्याचा जाब विचारणाऱ्या हॉकीप्रेमींना समाधानकारक उत्तर कधीच मिळाले नाही. झाशीतल्या वृद्ध ध्यानचंद यांच्या वाट्याला हीही सल आली.

३ डिसेंबर १९७९ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’ रुग्णालयात, साध्या वॉर्डात, यकृताच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. आपला सर्वोत्तम सामना कोणता, याचे त्यांचे उत्तर ऑलिम्पिकमधले नव्हते. १९३३ च्या बायटन चषकाचा अंतिम सामना ते सांगत. समोर बलाढ्य कलकत्ता कस्टम्स आणि इकडे ‘झाशी हीरोज’ ही गावची, बहुतेक नवख्या पोरांची टोळी. ध्यानचंद यांनी पुढे सोडलेल्या चेंडूमागे इस्माईल नावाचा खेळाडू, जो मुंबईच्या जी.आय.पी. रेल्वेत नोकरीला होता, अर्धे मैदान धावला आणि सामन्यातला एकमेव गोल त्याच्या नावावर लागला. अंत्यसंस्कारासाठी ध्यानचंद यांना दिल्लीहून झाशीला आणण्यात आले आणि त्याच झाशी हीरोजच्या मैदानावर त्यांची चिता रचली गेली.