कंगवा, कागदाचे कपटे आणि कूलोम



थंडीत कोरड्या केसांवरून प्लास्टिकचा कंगवा फिरवून कागदाच्या कपट्यांजवळ नेला की कपटे उडून त्याला चिकटतात. धर्मशिक्षणाच्या वर्गात मुले हा खेळ करतात तेव्हा आम्ही फारसे रागावत नाही. पावसाळ्यात मात्र तो जमत नाही. हवा दमट असली की विद्युतभार टिकत नाही. या अदृश्य बळाचे नेमके मोजमाप केले ते फ्रेंच अभियंते शार्ल ऑगुस्तँ द कूलोम यांनी. शाळेच्या पुस्तकात त्यांचा नियम असतो, आयुष्य नसते.

जन्म १७३६ सालचा, आंगुलेम गावचा. लष्करात अभियंता म्हणून १७६४ पासून आठ वर्षे मार्तिनिक बेटावर किल्ला बांधला. तिथल्या आजारपणांनी त्यांची प्रकृती कायमची खालावली.

१७८३ साली ब्रिटनी प्रांतातील जलमार्गांच्या योजनेची पाहणी त्यांच्याकडे आली. त्यांनी प्रतिकूल अहवाल दिला. वरिष्ठांना तो रुचला नाही आणि कूलोम यांना पॅरिसमध्ये आठवडाभर तुरुंगात राहावे लागले. पुढे प्रांताच्या लोकांना त्यांचे म्हणणे पटले. चरित्रकार सांगतात की भरपाई म्हणून त्यांनी फक्त सेकंद दाखवणारे एक घड्याळ घेतले.

दोनच वर्षांनी, १७८५ मध्ये, तो प्रसिद्ध प्रयोग झाला. काचेच्या भांड्यात रुप्याच्या अतिबारीक तारेला आडवी काडी टांगली. काडीच्या टोकाला लहान गोळी, शेजारी तशीच एक स्थिर गोळी. दोन्हींना एकच भार देताच टांगलेली गोळी ३६ अंश दूर सरली. तिला १८ अंशांपर्यंत जवळ आणायला तारेला एकूण १४४ अंशांचा पीळ लागला. म्हणजे अंतर निम्मे, बळ चौपट. पाव अंतराला, म्हणजे ९ अंशांना, सोळापट पीळ हवा: ५७६. प्रत्यक्षात साडेपाचशेच्या पुढे, ५७५.५ अंश पीळ देऊन गोळी साडेआठ अंशांवर थांबली. अर्ध्या अंशाचा हा फरक त्यांनी झाकला नाही. मोजता मोजता थोडा भार गळून जातो, असे कारण दिले आणि तो किती वेगाने गळतो तेही पुढे मोजले.

राज्यक्रांतीत, १७९३ साली, वजनमापे ठरवणाऱ्या समितीतून त्यांना काढण्यात आले. ते ब्ल्वा शहराजवळच्या आपल्या घरी जाऊन राहिले आणि १७९५ मध्ये पॅरिसला परतले. विवाह १८०२ साली केला. तोवर त्यांना दोन मुलगे झाले होते, हेही आम्ही सांगून टाकतो. २३ ऑगस्ट १८०६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. १८८१ साली त्याच शहरात भरलेल्या परिषदेने विद्युतभाराच्या एककाला त्यांचे नाव दिले.