थॉमस मोरान

थॉमस मोरान (१२ फेब्रुवारी, १८३७: बोल्टन, इंग्लंड - २५ ऑगस्ट, १९२६: सांता बार्बरा, कॅलिफोर्निया, अमेरिका) हे अमेरिकन निसर्गचित्रकार होते. यलोस्टोन परिसरात त्यांनी १८७१ साली कागदावर केलेली जलरंगातील रेखाटने त्या प्रदेशाला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळण्यास साहाय्यभूत ठरली.

सुरुवातीचे जीवन

मोरान यांचे वडील हातमागावरील विणकर होते. १८४४ साली हे कुटुंब अमेरिकेत आले व फिलाडेल्फिया परिसरात स्थायिक झाले. किशोरवयात थॉमस यांनी लाकडी ठसे कोरणाऱ्या एका व्यावसायिकाकडे उमेदवारी केली. पुढे इंग्लंडला जाऊन त्यांनी जे. एम. डब्ल्यू. टर्नर या चित्रकाराच्या चित्रांचा अभ्यास केला. टर्नर यांच्या रंगयोजनेचा प्रभाव त्यांच्या चित्रांवर कायम राहिला.

यलोस्टोन मोहीम

१८७१ साली 'स्क्रिब्नर्स मंथली' या मासिकातील यलोस्टोनविषयीच्या लेखासाठी मोरान यांनी इतरांच्या कच्च्या रेखाटनांवरून चित्रे तयार केली. त्यानंतर तो प्रदेश प्रत्यक्ष पाहण्यासाठी ते भूगर्भशास्त्रज्ञ फर्डिनंड हेडन यांच्या सरकारी सर्वेक्षण मोहिमेत सामील झाले. त्यांच्या प्रवासखर्चास हे मासिक व नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेचे अर्थपुरवठादार जे कुक यांनी साहाय्य केले. घोडेस्वारीची सवय नसतानाही त्यांनी हा खडतर प्रवास पूर्ण केला.

मुक्कामाच्या ठिकाणी वेळ थोडा असे. त्यामुळे मोरान पेन्सिलीने खडकांची व कड्यांची बाह्यरेषा काढीत, तीवर जलरंगाचे पातळ हात देत आणि उरलेल्या जागी रंगांची नावे शब्दांत टिपून ठेवीत. मोहिमेतील छायाचित्रकार विल्यम हेन्री जॅक्सन यांची छायाचित्रे कृष्णधवल होती. उष्ण झऱ्यांचे व पिवळसर कड्यांचे रंग मात्र मोरान यांच्या कागदांवरूनच इतरांना कळू शकले.

राष्ट्रीय उद्यान

ही रेखाटने व छायाचित्रे अमेरिकन काँग्रेसच्या सदस्यांपुढे मांडण्यात आली. १ मार्च, १८७२ रोजी राष्ट्राध्यक्ष युलिसिस ग्रँट यांनी यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानाच्या कायद्यावर स्वाक्षरी केली. मोरान यांचे 'यलोस्टोनची भव्य घळ' हे प्रचंड तैलचित्र तेव्हा अपूर्ण होते. त्यामुळे कायद्यामागील प्रभावाचे श्रेय त्या चित्रापेक्षा छोट्या रेखाटनांकडे जाते. त्याच वर्षी काँग्रेसने हे तैलचित्र १०,००० डॉलरला विकत घेतले. त्यात वेगवेगळ्या ठिकाणांहून दिसणारी दृश्ये एकत्र आणलेली आहेत. स्थळाची हुबेहूब नक्कल करण्यापेक्षा त्याचा एकूण प्रत्यय देणे मोरान यांना महत्त्वाचे वाटे.

उत्तरायुष्य

१८७३ साली मोरान जॉन वेस्ली पॉवेल यांच्यासह कॉलोराडो नदीच्या ग्रँड कॅन्यन परिसरात गेले. त्यावरील तैलचित्रही काँग्रेसने १०,००० डॉलरलाच घेतले. १८७६ साली लुई प्रँग यांनी मोरान यांच्या जलरंगचित्रांचे १५ रंगीत शिळाछाप प्रसिद्ध केले. मोरान यांच्या पत्नी मेरी निमो मोरान या नावाजलेल्या अम्लरेखनकार होत्या; त्यांचे १८९९ साली निधन झाले.

यलोस्टोनची आठवण म्हणून मोरान आपल्या स्वाक्षरीच्या आद्याक्षरांत 'वाय' हे अक्षर जोडीत. वायोमिंगमधील माउंट मोरान या शिखराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.