एका मताची किंमत

आपल्या बदलापूर-अंबरनाथकडच्या लोकलमध्ये निवडणुकीचा विषय निघाला, की एका मतानं काय होणार, असं हमखास ऐकू येतं. मला तेव्हा रमाबाई रानडे आठवतात. १८७३ साली, अकराव्या वर्षी लग्न होऊन आल्या तेव्हा अक्षरओळखही नव्हती. न्यायमूर्ती रानडे शिकवायचे, घरातल्या बायका टोमणे मारायच्या. रमाबाई मुकाट्यानं शिकत राहिल्या. १९०१ मध्ये वैधव्य आलं. पुढं त्यांनी पुण्यात सेवासदन उभं केलं. बायकांना मताचा हक्क हवा म्हणून उतारवयातही झटल्या. १९२१ मध्ये मुंबई कायदेमंडळानं तो दिला, १९२३ च्या निवडणुकीत बायकांनी मतं टाकली. पण मालमत्ता किंवा कर भरणाऱ्या मोजक्याच! १९२४ मध्ये रमाबाई गेल्या. मैत्रिणींनो, धुणीभांडी करणारीलाही आज मत आहे. ते वाया घालवू नका.