शेजारच्या कॉव्हेंट्रीचे सायकलमहर्षी: जेम्स स्टार्ली



पुण्यात शाळेत असताना माझ्याकडे बीएसएची लेडीज सायकल होती. त्याआधी दादाची जेन्ट्स सायकल मी दांडीखालून पाय घालून, तिरकी होऊन चालवायचे आणि दर आठवड्याला गुडघे फोडून घ्यायचे. बीएसए म्हणजे काय हे तेव्हा आमच्या गल्लीत कुणालाच ठाऊक नव्हतं. लग्न होऊन इथे आले आणि बऱ्याच वर्षांनी कळलं, की बीएसए म्हणजे 'बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स'! इथल्या बंदूक बनवणाऱ्या कारागिरांनी १८६१ मध्ये एकत्र येऊन काढलेली कंपनी. कारखाना आपल्या स्मॉल हीथमध्ये. १८८० पासून ते सायकलींकडेही वळले. दादाची सायकल हर्क्युलिस होती, ती कंपनीही मूळची बर्मिंगहॅमचीच. १९४९ मध्ये मद्रासजवळ अंबत्तूरला टीआय सायकल्सचा कारखाना निघाला आणि ही सगळी नावं आपल्या अंगणात येऊन उभी राहिली.

मग मला प्रश्न पडला, की ती मधली दांडी खाली आणून बायकांना सायकलवर बसवलं कुणी? उत्तर शोधत गेले आणि पोचले शेजारच्या कॉव्हेंट्रीला, जेम्स स्टार्ली या गृहस्थांपाशी. गंमत म्हणजे दांडी त्यांनी खाली आणलीच नाही. पण त्यांच्याशिवाय ती खाली आली नसती.

स्टार्लींचा जन्म २१ एप्रिल १८३० चा, ससेक्समधल्या आल्बर्न गावचा. वडील शेतकरी. नवव्या वर्षापासून पोरगा शेतावर राबत होता. मोडक्या छत्रीपासून त्याने उंदरांचा सापळा बनवला होता म्हणे. शेतीत मन रमेना, तेव्हा किशोरवयातच तो घरातून पळाला आणि लंडनजवळ लुईशॅमला जॉन पेन यांच्या बागेत माळी झाला. पेन हे जहाजांची इंजिनं बनवणारे बडे कारखानदार. माळीबुवा फावल्या वेळात घड्याळं दुरुस्त करायचे. बदक कुंपणातून आत गेलं की मागून उंदीर शिरू नये म्हणून आपोआप बंद होणारं दारही त्यांनी बनवलं होतं!

त्या काळी शिवणयंत्र म्हणजे मोठी चैनीची वस्तू. पेनबाईंचं यंत्र बिघडलं. माळ्याने ते खोलून नुसतं दुरुस्त केलं नाही, तर सुधारून दिलं. पेन यांनी शिवणयंत्रांच्या धंद्यातल्या जोसाया टर्नर यांच्याशी गाठ घालून दिली आणि माळ्याचा मेकॅनिक झाला. १८६१ च्या सुमारास टर्नर आणि स्टार्ली कॉव्हेंट्रीला आले आणि तिथे त्यांनी शिवणयंत्रांचा कारखाना काढला.

कॉव्हेंट्रीच का? तिथे रेशमी फिती विणण्याचा धंदा जोरात होता. १८६० मध्ये फ्रान्सशी व्यापारी करार झाला, स्वस्त फ्रेंच माल आला आणि हजारो विणकर घरी बसले. गिरण्या बंद पडल्यावरची परळ-लालबाग ज्यांनी पाहिली आहे, त्यांना वेगळं सांगायला नको. शहरात घड्याळजीही पुष्कळ होते. कसबी हात होते, काम नव्हतं.

पुढे टर्नर यांच्या पुतण्याने पॅरिसहून एक व्हेलोसिपीड आणली. म्हणजे पुढच्या चाकालाच पायडल असलेली, हाडं खिळखिळी करणारी सायकल. १८६९ मध्ये शिवणयंत्रांच्या कारखान्याचं नाव बदललं आणि तिथे सायकली होऊ लागल्या. १८७० मध्ये स्टार्ली आणि विल्यम हिलमन यांनी 'एरियल'चं पेटंट घेतलं. तारेच्या ताणलेल्या आऱ्यांचं ते हलकं, उंच चाक होतं. चार वर्षांनी स्टार्लींनी आरे तुंब्याला सरळ न जोडता तिरके, एकमेकांना छेदणारे लावले. आज घरातली कुठलीही साधी सायकल बघा, आरे बहुधा तसेच दिसतील.

आता मूळ अडचण. एरियलला चेन नव्हती. पायडल थेट पुढच्या चाकाला, त्यामुळे वेग हवा तर चाक मोठं हवं आणि बसणारा त्या चाकावरच चढायला हवा. पायघोळ झग्यातल्या बाईला ते कसं जमणार? (आपल्या नऊवारीतल्या आजीला कासोट्यामुळे कदाचित जमलंही असतं!) १८७४ मध्ये स्टार्लींनी बायकांसाठी वेगळी एरियल काढली. घोड्यावर बायका बसत तसं एका बाजूला तोंड करून बसायचं, दोन्ही पाय डावीकडे आणि तोल सांभाळायला मागचं चाक पुढच्याच्या रेषेतून बाजूला सरकवलेलं. डोकं किती लढवलं होतं! पण ती फारशी कुणी घेतली नाही. मला वाटतं, बाईने पुरुषासारखं बसू नये ही अट त्यांनी मोडली नाही, तिच्याभोवती यंत्र वाकवलं.

मग ते तीनचाकीकडे वळले आणि तिथे मात्र जमलं. तोल सांभाळायला नको, ओलांडायला दांडी नाही, खुर्चीत बसावं तसं बसायचं. शेजारी शेजारी बसून चालवायच्या सायकलवर ते मुलाबरोबर निघाले होते. तरणा मुलगा जोर लावायचा, तेवढ्यात गाडी एका बाजूला वळायची. अखेर दोघे रस्त्याकडेला जाऊन पडले, असं सांगतात. त्यातून सुचला डिफरन्शियल गिअर. दोन्ही चाकांना जोर मिळतो, पण वळताना आतलं हळू आणि बाहेरचं जोरात फिरू शकतं. एका फ्रेंच माणसाने ही कल्पना आधीच मांडली होती, पण सायकलवर ती स्टार्लींनी १८७७ मध्ये आणली. आपल्या मोटारीतही तीच आहे.

त्यांच्या 'साल्व्हो' तीनचाकीवरून जाणारी एक मुलगी राणी व्हिक्टोरियाने आइल ऑफ वाइटवर पाहिली आणि दोन गाड्या मागवल्या, अशी कथा आहे. मागणी खरी. १८८१ मध्ये स्टार्ली स्वतः ऑस्बर्न हाउसला गेले आणि गाडीचं नाव 'रॉयल साल्व्हो' झालं. राणीनेच घेतली म्हटल्यावर इतर बायकांना नावं कोण ठेवणार? त्याच वर्षी १७ जूनला, एक्कावन्नाव्या वर्षी, स्टार्ली गेले.

चार वर्षांनी त्यांच्याच हाताखाली तयार झालेला पुतण्या जॉन केम्प स्टार्ली याने 'रोव्हर' आणली. जवळजवळ सारखी दोन चाकं आणि चेन मागच्या चाकाला. बसणारा चाकावरून उतरून दोन चाकांच्या मध्ये आला आणि आता कुठे खाली आणण्याजोगी दांडी निर्माण झाली. पहिल्यांदा ती कुणी खाली आणली यावर इंग्रज आणि अमेरिकन अजून भांडतात. पण १८८९ मध्ये स्टार्लींच्या मुलांनी बाजारात आणलेली लेडीज सायकल सुरुवातीच्यांपैकी एक. नाव 'सायको'. हसू नका, तेव्हा त्याला आजचा अर्थ नव्हता.

दांडी खाली आणणं दिसतं तितकं सोपं नसतं. जेन्ट्स सायकलच्या चौकटीत नळ्यांचे त्रिकोण असतात आणि त्रिकोण पिळवटत नाही. वरची नळी खाली उतरवली, की ती सीटच्या नळीला मध्येच जाऊन भिडते आणि नेमका तिथे ताण येतो. म्हणून नळ्या जाड घ्याव्या लागतात आणि सायकल जड होते. बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स यांनी १८९७ मध्ये टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा नळीचं पेटंट घेतलं. त्यांचा धंदा मूळचा खिळ्यांचा. अशा नळीमुळे सगळ्याच सायकलींचं वजन कमी करता आलं. मागच्या चाकाला झगा अडकू नये म्हणून मडगार्डपासून तुंब्यापर्यंत दोऱ्यांची जाळी बांधत. माझ्या ओढणीसाठी असलेली जाळी तीच!

कॉव्हेंट्रीकरांनी १८८४ मध्ये स्टार्लींचं स्मारक उभारलं. ते आज ग्रेफ्रायर्स ग्रीनवर आहे, स्टेशनपासून चालत काही मिनिटांवर. न्यू स्ट्रीटहून गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोचता येतं. मुलांना घेऊन जाणार असाल तर तिथून पुढे ट्रान्सपोर्ट म्युझियमही बघा. जुन्या सायकलींपाशी माझी मुलगी सर्वांत आधी कुठल्या सायकलला दांडी नाही तेच शोधत होती.