लोकसेवेचा हिशेब मांडणारा अर्थशास्त्रज्ञ

नवी शाळा निघाली, बँकेची शाखा उघडली, ग्रंथालयाला अनुदान मिळाले की शासनाच्या दप्तरी काम पुरे होते. त्या सेवेतून सामान्य कुटुंबाच्या पदरी काय पडले, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तो शास्त्रशुद्ध रीतीने विचारण्याची परंपरा महाराष्ट्रात रुजविण्याचे श्रेय प्रामुख्याने धनंजयराव गाडगीळ यांच्याकडे जाते.

१० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे जन्मलेल्या गाडगीळांचे उच्च शिक्षण केंब्रिजला झाले. भारताच्या औद्योगिक विकासावरील त्यांचा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. सुरतेच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून ते पुण्यास आले आणि रावबहादूर काळे यांच्या देणगीतून १९३० साली स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे पहिले संचालक झाले.

ग्रंथांतील सिद्धान्तांवर विसंबून न राहता प्रत्यक्ष पाहणी करावयाची, हा संस्थेचा शिरस्ता त्यांनी घालून दिला. गोदावरी व प्रवरा कालव्यांच्या पाहणीत सरकारी तिजोरीत जमा होणाऱ्या पाणीपट्टीपाशीच न थांबता परिसराला मिळालेले प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभ तपासले गेले. सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणाची पाहणी त्यांनी वि. म. दांडेकर यांच्यासह केली. पटावरील संख्येने त्यांचे समाधान होणार नव्हते. किती मुले एकाच इयत्तेत अडकतात, किती मध्येच शाळा सोडतात आणि शाळा सुटल्यावर काही वर्षांनी अक्षरओळख टिकते काय, हे त्यांना जाणून घ्यावयाचे होते.

हा माणूस केवळ अभ्यासिकेत रमणारा नव्हता. विठ्ठलराव विखे पाटील यांच्यासमवेत प्रवरेचा सहकारी साखर कारखाना त्यांनी उभारला. पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष असतानाच त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने १९६९ साली बँकांच्या कामासाठी जिल्हा हा घटक मानावा, असे सुचविले. त्यातूनच अग्रणी बँक योजना आली. ३ मे १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

परभणीतून १९९९ साली वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यालाही ती योजना लागू आहे. म्हणूनच त्या जिल्ह्यातील सेनगावसारख्या तालुक्यात गाडगीळांचा प्रश्न आजही विचारावयास हवा. किती खाती उघडली, हे बँक सांगू शकेल. परंतु सोयाबीनचे पैसे हाती आल्यावर त्यांतील काही त्या खात्यात शिल्लक राहतात काय, आणि पेरणीच्या वेळी तेच कुटुंब पुन्हा सावकाराच्या दारी जाते काय, हे घरोघरी विचारल्यावाचून कळणार नाही. ग्रंथालयाच्या नोंदवहीतील सभासदसंख्येचीही हीच गत आहे.

अशी पाहणी करण्यास मोठा निधी लागत नाही. तालुक्यातील शिक्षक आणि महाविद्यालयीन विद्यार्थी यांनी मनावर घेतले, तर चार गावांपासून आरंभ करता येईल. गाडगीळांचे खरे स्मरण तेच होय.