नारळाच्या बागेवर हेलिकॉप्टर : डॉ. पी. आर. पिशारोटी

मोबाइलवर आज आपण शेताचा एनडीव्हीआय नकाशा पाहतो. भारतात या कामाची सुरुवात नारळापासून झाली. डॉ. पिशारोटी यांचा जन्म १९०९ मध्ये केरळमधील कोल्लेनगोडचा. सी. व्ही. रामन यांच्या हाताखाली काम करून ते हवामान खात्यात गेले. पुढे पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे पहिले संचालक झाले.

केरळात तेव्हा नारळाला मुळांचा मर रोग लागला होता. खालून पाहून रोगट झाड ओळखेपर्यंत उशीर होई. १९७० मध्ये त्यांनी हेलिकॉप्टरमधून इन्फ्रारेड फिल्मवर बागांचे फोटो घेतले. निरोगी पान डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण भरपूर परतवते, त्यामुळे अशा रंगीत फिल्मवर ते लालभडक उमटते. रोगट पान फिकट पडते. वरवर हिरवे दिसणारे झाडही त्यात वेगळे ओळखू येऊ शकते. (औषध मात्र यातून मिळाले नाही, फार रोगट झाडे आजही तोडावीच लागतात.)

१९८८ मध्ये आयआरएस-१ए उपग्रह गेला, त्याच्या कॅमेऱ्यांतही लाल आणि अवरक्त पट्टे होते. पिशारोटी २००२ मध्ये पुण्यात वारले.